वेग किती, दारू किती: गावाकडच्या वाहनचालकासाठी दंडाचा आणि नियमांचा सगळा हिशेब

गावाकडे पोलीस क्वचितच आडवा येतो. जिल्ह्याच्या ठिकाणी चौकाचौकात कॅमेरे लागले, पण विदर्भात पांढरकवड्याच्या आतल्या गावातून जिनिंगवर कापूस नेणाऱ्याला किंवा वरुडकडे संत्र्याची खेप टाकणाऱ्याला महिनोन्‌महिने कोणी थांबवत नाही. त्यातून एक समज पक्का झाला आहे: कायदा हायवेवर, आत सगळं मोकळं. हा समज मोडतो तो अपघाताच्या रात्री. ग्रामीण रुग्णालयातला डॉक्टर रक्ताचा नमुना घेतो, पोलीस पंचनामा करतात, आणि पुढे विमा कंपनी, तालुक्याचं न्यायालय, आरटीओ आणि कृषी खातं असे चौघंही त्याच कागदाकडे बोट दाखवतात. नाक्यावरच्या दंडापेक्षा हा हिशेब कितीतरी मोठा असतो, म्हणून तो गाडीला चावी लावण्याआधी माहीत असलेला बरा.

आधी रस्ता ओळखा

वेगमर्यादा गाडी आणि रस्ता या दोन्हींवर ठरते. केंद्र सरकारने एप्रिल २०१८ मध्ये अधिसूचना काढून देशभरासाठी कमाल वेग ठरवून दिला. आपल्या कामाचे आकडे असे:

दुभाजक असलेला चौपदरी रस्ता, म्हणजे नागपूर-अमरावती किंवा नागपूर-हिंगणघाट मार्गासारखा: कार-जीप १००, नऊ किंवा जास्त प्रवासी नेणारी गाडी ९०, मालवाहू ८०, मोटरसायकल ८०, ऑटो ५०.

नगरपालिका हद्दीतले आणि बाकीचे सगळे रस्ते, म्हणजे तालुक्याचा दुपदरी रस्ता, गावाला जोडणारा डांबरी रस्ता वगैरे: कार-जीप ७०, नऊ किंवा जास्त प्रवाशांची गाडी ६०, मालवाहू ६०, मोटरसायकल ६०, ऑटो ५०.

इथे दोन ठिकाणी बहुतेक जण चुकतात. एक, काळीपिवळी. चालक सोडून नऊ किंवा जास्त आसनांची जीप असेल तर ती कारच्या रांगेत येत नाही, तिला गावाच्या रस्त्यावर ६० ची मर्यादा आहे. दोन, छोटा हत्ती आणि पिकअप. चालवायला कारसारखी वाटते म्हणून ती कार होत नाही. आरसीवर, म्हणजे नोंदणीपत्रावर, मालवाहू लिहिलं असेल तर रिकामी असतानाही तिला ६० च.

आता फलक. वरचे आकडे ही कमाल मर्यादा. मोटार वाहन कायद्याच्या कलम ११२ प्रमाणे राज्य सरकार किंवा त्याने नेमलेला अधिकारी एखाद्या रस्त्यावर, पुलावर, वळणावर याहून कमी वेग ठरवू शकतो आणि तो फलकावर लिहिलेला असतो. पांढरं वर्तुळ, लाल कडा, आत आकडा. तो आकडा ४० असेल तर तिथे तुमची मर्यादा ४०, मग रस्ता कितीही गुळगुळीत असो. त्रिकोणी फलक धोक्याची सूचना देतो, लाल वर्तुळ मात्र हुकूम असतो. मेळघाटात परतवाड्याहून सेमाडोह-हरिसालकडे जाताना, ताडोब्याच्या वाटेवर मोहर्लीकडे जाताना किंवा नवेगाव-नागझिऱ्याच्या पट्ट्यात असे कमी वेगाचे फलक पावलोपावली दिसतील. तिथे रात्री रस्ता वाघाचा, सांबराचा आणि रोह्याचा (नीलगायीचा) असतो.

रस्ता कोणाचा हे ओळखायला किलोमीटरच्या दगडाचा माथा पाहावा. पिवळा असेल तर राष्ट्रीय महामार्ग, हिरवा असेल तर राज्य मार्ग, नारिंगी असेल तर पंतप्रधान ग्रामसडक योजनेतला रस्ता. खड्ड्याची किंवा फलकाची तक्रार कुठे करायची ते यावरून कळतं. त्याबद्दल शेवटी.

समृद्धी महामार्गाचं गणित वेगळं आहे. विदर्भात तो नागपूर, वर्धा, अमरावती, वाशीम आणि बुलडाणा या पाच जिल्ह्यांतून जातो. सपाट भागात कारला १२०, घाटात १००. नऊ किंवा जास्त प्रवाशांच्या गाडीला सपाटीवर १००, घाटात ८०. मालवाहूला ८०. दुचाकी आणि तीनचाकीला तिथे प्रवेशच नाही. कुंपण तुटलेलं दिसलं म्हणून शॉर्टकट मारायला मोटरसायकल आत घालणारे लोक आहेत. त्यांनी एकदा मागून १२० ने येणाऱ्या कारच्या जागी बसून विचार करावा. १ जुलै २०२३ च्या मध्यरात्रीनंतर सिंदखेडराजाजवळ याच मार्गावर नागपूरहून पुण्याला निघालेल्या ट्रॅव्हल्स बसचा अपघात होऊन आग लागली आणि २५ जण गेले. रस्ता चांगला असला की चूक सावरायला वेळ मिळतो असं नाही, उलट कमी मिळतो.

रात्रीचा वेग वेगळा मोजावा लागतो

दंडाची भाषा सुरू करण्याआधी एक हिशेब करू, कारण गावाकडचे अपघात बहुतेक याच हिशेबात बसतात.

ताशी ६० ने जाणारी गाडी एका सेकंदात जवळपास १७ मीटर जाते. समोर काही दिसलं, मेंदूला कळलं, पाय ब्रेकवर गेला, यात साधारण एक सेकंद जातो. त्यानंतर कोरड्या डांबरावर गाडी थांबायला आणखी २० मीटर लागतात. एकूण ३७ मीटर. ताशी ८० ला हाच आकडा ५८ मीटरच्या आसपास जातो. कापसाच्या हंगामात रिफ्लेक्टर नसलेली, मागचा लाइट बंद असलेली ट्रॉली डिपर लाइटमध्ये दिसते तीच मुळी ४० मीटरवर. म्हणजे ६० ला तुम्ही जेमतेम थांबता, ८० ला ट्रॉलीत शिरता. पाऊस पडून गेला असेल, रस्त्यावर ट्रॅक्टरच्या चाकांची काळी माती पसरली असेल, तर ६० सुद्धा जास्त. पावसाळ्यात कोरडी जागा म्हणून जनावरं डांबरावर येऊन बसतात आणि काळी म्हैस काळ्या रस्त्यावर शेवटच्या क्षणापर्यंत दिसत नाही.

आणि वाचतं किती? ३० किलोमीटरचं अंतर ६० ने अर्ध्या तासात कटतं, ८० ने साडेबावीस मिनिटांत. साडेसात मिनिटं. तेवढा वेळ पानठेल्यावर सुट्या पैशांत जातो.

ट्रॉलीवाल्यांनी स्वतःहून एक करावं. ट्रॉलीच्या मागच्या फळीवर दोन्ही कोपऱ्यांना लाल रिफ्लेक्टर पट्टी चिकटवा. ऑटोमोबाइलच्या दुकानात ती मिळते आणि डिझेलच्या एका लिटरइतकाही खर्च येत नाही. त्याच ट्रॉलीत मजूर बसवून निंदणाला किंवा वरातीला नेणं बेकायदेशीर आहे. उलटली तर भरपाईचा विषय मालकाच्या गळ्यात येतो.

वेगाचा दंड आणि ई-चलान

कलम १८३ प्रमाणे मर्यादेपेक्षा जास्त वेगाला हलक्या वाहनासाठी १,००० ते २,००० रुपये आणि मध्यम किंवा जड प्रवासी-मालवाहू वाहनासाठी २,००० ते ४,००० रुपये दंड आहे. दुसऱ्यांदा सापडलात तर लायसन्स जप्त होऊ शकतं. नोकर चालकाला “लवकर ये, जिनिंग बंद होईल” म्हणून पळवणारा मालकही याच कलमात येतो, कारण कायद्यात चालवणारा आणि चालवायला लावणारा दोघंही आहेत.

नुसता वेग नाही, तर धोकादायक चालवणं असेल, म्हणजे वळणावर ओव्हरटेक, रॉंग साइड, सिग्नल तोडणं, चालवताना मोबाइल, तर कलम १८४ लागतं. पहिल्या वेळी ६ महिने ते १ वर्ष कैद, किंवा १,००० ते ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही.

आता दंड बहुधा कॅमेऱ्यातून किंवा स्पीडगनच्या इंटरसेप्टर गाडीतून येतो. केंद्रीय मोटार वाहन नियम १६७अ प्रमाणे इलेक्ट्रॉनिक यंत्राने पकडलेल्या गुन्ह्याची नोटीस घटनेपासून १५ दिवसांत पाठवायची असते. ती जाते आरसीवर नोंदवलेल्या मोबाइल नंबरवर, आणि गावाकडची खरी गडबड इथेच आहे. गाडी घेताना शोरूमवाल्याने कोणाचा तरी नंबर टाकलेला असतो, किंवा तो सिम कधीच बंद झालेला असतो. चलान साचत जातात आणि मालकाला कळतं थेट गाडी विकताना.

म्हणून हे एकदा करून टाका. परिवहन पोर्टलवर जाऊन आरसीला तुमचा चालू नंबर जोडा. सेतू केंद्रातला पोरगा दहा मिनिटांत करून देतो. मग महाट्रॅफिक ॲपवर गाडीचा नंबर आणि चेसिस नंबरचे शेवटचे आकडे टाकून जुने चलान तपासा. फोटोतली गाडी तुमची नसेल, नंबर चुकीचा वाचला असेल, तर तिथेच तक्रारीची सोय आहे. गाडी त्या दिवशी कुठे होती याचा पुरावा जोडून तक्रार टाका. थकलेली चलान प्रकरणं लोक अदालतीतही ठेवली जातात. त्याची नोटीस आली तर घाबरू नका, जा. तिथे विषय मिटवायला बसलेले असतात.

जुनी मोटरसायकल पाहुण्याला विकली आणि नावावर केली नाही, ही तर घरोघरची गोष्ट. विकणाऱ्याने राज्यातल्या राज्यात १४ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत आरटीओला कळवायचं असतं. नमुना २९ आणि ३०. हे केलं नाही तर अपघाताची भरपाई कागदावरच्या मालकाकडूनच मागता येते, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट सांगितलं आहे. “त्याले देऊन तीन वर्स झाले साहेब” हे उत्तर चालत नाही.

दारू: ३० चा आकडा

कलम १८५ सोपं आहे. १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल सापडलं तर गुन्हा झाला. तुम्ही झोकांड्या खात होता की सरळ चालवत होता, याचा संबंध नाही. गांजा किंवा दुसऱ्या नशेमुळे गाडीवर ताबा ठेवता येत नसेल तर तेच कलम.

“दोनच पेग घेतले ना भाऊ, मले काई चढली नाई.” हे वाक्य प्रत्येक लग्नात ऐकू येतं. बोलणारा खोटं बोलत नसतो, त्याला खरंच चढल्यासारखं वाटत नसतं. पण ३० हा आकडा चढण्याच्या खूप आधी येतो. हिशेब पाहा.

६५ किलो वजनाचा पुरुष धरू. विदेशी दारूत ४२.८ टक्के अल्कोहोल असतं. ६० मिलिलिटरच्या एका पेगमध्ये साधारण २० ग्रॅम शुद्ध अल्कोहोल जातं. रिकाम्या पोटी ते रक्तात उतरलं की आकडा ४५ च्या आसपास पोचतो. म्हणजे एका मोठ्या पेगनेच मर्यादा ओलांडली. स्ट्राँग बिअरची ६५० ची बाटली, ८ टक्क्यांची, आकडा नेते ९० च्या आसपास. मर्यादेच्या तिप्पट. बिअरला दारू न मानणाऱ्यांनी हे दोनदा वाचावं. क्वार्टर, म्हणजे १८० मिलिलिटर, १३५-१४० पर्यंत. वजन कमी असेल तर आकडा आणखी वर. त्याच वजनाच्या बाईच्या रक्तात तो पुरुषापेक्षा जास्त येतो.

हातभट्टीचा आणि मोहाच्या दारूचा हिशेबच मांडता येत नाही, कारण कोणत्या कॅनमध्ये किती टक्के आहे हे काढणाऱ्यालाही माहीत नसतं. तिथे एकच नियम: प्यायलात तर चावी दुसऱ्याकडे.

उतरण्याचा वेग आणखी महत्त्वाचा. शरीर तासाला १०० मिलिलिटर रक्तामागे साधारण १५ मिलिग्रॅमच्या दराने दारू काढून टाकतं, म्हणजे आकडा तासाला १५ ने उतरतो. लिव्हर ठिबकच्या नळीसारखं आहे, वरून किती पाणी ओतलं याच्याशी त्याला देणंघेणं नाही, ते ठरल्या थेंबानेच सोडणार. लिंबू, दही, काळा चहा, थंड पाण्याची आंघोळ, उलटी, पळत एक चक्कर, यातलं काहीही हा दर वाढवत नाही. आंघोळीने माणूस जागा होतो, शुद्धीवर येत नाही.

म्हणजे रात्री १० ला क्वार्टर घ्यायला सुरुवात केली, तर पहाटे ५ ला आकडा अजून ३० च्या घरात आहे. पूर्ण उतरायला सकाळचे सात वाजतील. दोन क्वार्टर झाल्या असतील तर दुसऱ्या दिवशी दुपारी दोनपर्यंतही तुम्ही मर्यादेच्या वरच. संत्र्याची गाडी पहाटे नागपूरच्या कळमना बाजारात लावायची आहे, रात्री बागेत पार्टी झाली, चार तास झोप काढली आणि स्टिअरिंगवर बसलो, अशा माणसाला आपण पिऊन चालवतोय हे वाटतच नाही. यंत्राला वाटतं. माझ्या मते गावाकडची सगळ्यात दुर्लक्षित गोष्ट हीच: सकाळची दारू.

हे आकडे अंदाजे आहेत, माणसामाणसात फरक पडतो. त्यांचा उपयोग घाबरायला करा, “मी २८ वर आहे” असं ठरवायला नको.

रस्ता सार्वजनिक म्हणजे कुठपर्यंत

कायदा सार्वजनिक जागेला लागतो, आणि लोकांना जायचा हक्क आहे ती प्रत्येक वाट त्यात येते. हायवे, गावातली गल्ली, पांदण रस्ता, बाजाराचं मैदान, सगळं. ट्रॅक्टर हे मोटार वाहनच आहे. पोळ्याच्या करीच्या दिवशी पिऊन ट्रॅक्टर गावातून फिरवणं हा तोच कलम १८५ चा गुन्हा.

दारूबंदीच्या जिल्ह्यांचं आणखी वेगळं. वर्ध्यात १९७४ पासून आणि गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी आहे. चंद्रपूरची २०१५ ला लागू झाली आणि २०२१ मध्ये उठली. गाडी चालवण्यासाठीची ३० ची मर्यादा सगळीकडे तीच, पण यवतमाळहून वर्ध्याकडे जाताना डिकीत बाटली सापडली तर महाराष्ट्र दारूबंदी कायद्याचा गुन्हा स्वतंत्रपणे लागतो आणि गाडी जप्त होऊ शकते. जिल्ह्याची सीमा ओलांडण्याआधी डिकी कोणी भरली हे पाहून घ्या. मित्राच्या पिशवीत काय आहे ते तुम्हाला माहीत नव्हतं, हे नंतर सिद्ध करत बसावं लागतं.

थांबवलं तर काय करायचं

गाडी बाजूला घ्या, बंद करा, आत लाइट असेल तर लावा. पळू नका आणि नाका चुकवायला शेतातून गाडी काढू नका. अशा पळापळीतच जास्त माणसं मरतात.

गणवेशातला पोलीस लायसन्स मागू शकतो. डिजिलॉकर किंवा एमपरिवहनमधलं लायसन्स, आरसी चालतं. फक्त स्क्रीनशॉट चालत नाही, ॲप उघडून दाखवा. रेंज नसलेल्या गावात हे लक्षात ठेवा आणि मूळ कागद डिकीत असू द्या.

दारूचा संशय आला तर पोलीस तिथेच किंवा जवळपास श्वासाची तपासणी मागू शकतो. कलम २०३ तसं सांगतं. नाही म्हणायची मुभा आहे असं अनेकांना वाटतं. नाही म्हटलं आणि पोलिसाला दारूचा वास-संशय असेल तर तो वॉरंटशिवाय अटक करू शकतो, ठाण्यात डॉक्टरकडून रक्त घेता येतं, आणि कलम २०५ प्रमाणे तुमचा नकार न्यायालयात तुमच्याविरुद्ध धरला जाऊ शकतो. प्यायलेले नसाल तर नकार देण्यासारखा मूर्खपणा नाही.

फुंकण्याआधी शांतपणे तीन गोष्टी मागा. नवीन नळी लावा. यंत्र शून्य दाखवतंय ते दिसू द्या. आणि नुकताच खर्रा, पान, माउथवॉश किंवा खोकल्याचं औषध घेतलं असेल तर तसं सांगून चूळ भरा आणि पंधरा मिनिटं थांबण्याची विनंती करा, कारण तोंडातलं अल्कोहोल आकडा फुगवतं. फुंकल्यावर निघालेल्या कागदावरचा आकडा, तारीख, वेळ पाहा आणि मोबाइलमध्ये फोटो घ्या. आकडा पटत नसेल तर रक्ततपासणी व्हावी असं तिथेच स्पष्ट सांगा. नमुना देणारी बाई असेल आणि डॉक्टर पुरुष असेल तर दुसरी बाई हजर असल्याशिवाय नमुना घेता येत नाही.

आवाज चढवू नका. “मी अमक्या भाऊंचा माणूस आहे” या वाक्याने कोणाचं भलं झालेलं मला तरी माहीत नाही.

गाडीचं काय? पोलिसांना ती रस्त्यावर सोडता येत नाही. सोबत न प्यायलेला, लायसन्स असलेला माणूस असेल तर त्याच्या ताब्यात देण्याची विनंती करा. नसेल तर ठाण्यात जाईल. त्यात कापूस, दूध, संत्री असा माल असेल तर लगेच घरून माणूस बोलवा. गाडी दोन दिवस उभी राहिली तर माल कोणी सांभाळत नाही.

न्यायालय आणि लायसन्स

दारूचा दंड रस्त्यावर भरता येत नाही. कलम १८५ तडजोडीत बसत नाही, प्रकरण न्यायालयातच जातं. त्यामुळे कोणी “पाच हजार दे, इथेच मिटवतो” म्हणत असेल तर तो दंड नाही, लाच आहे, आणि लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा नंबर १०६४ आहे.

पहिल्या वेळी ६ महिन्यांपर्यंत कैद, किंवा १०,००० रुपये दंड, किंवा दोन्ही. दुसऱ्यांदा २ वर्षांपर्यंत कैद, किंवा १५,००० दंड, किंवा दोन्ही. गुन्हा जामीनपात्र आहे, ओळखपत्र आणि जामीनदार घेऊन घरच्यांनी ठाण्यात जावं. तारखेला हजर राहा. दहा हजार भरून सुटू म्हणून तारीख बुडवली की वॉरंट निघतं आणि मग रोवणीच्या दिवसांत पोलीस दारात उभा राहतो. वकील परवडत नसेल तर तालुका विधी सेवा समितीकडे अर्ज करा. महिला, अनुसूचित जाती-जमातीतील व्यक्ती आणि कमी उत्पन्न असलेल्यांना वकील मोफत मिळतो. फोन १५१००.

लायसन्सचा विषय यापासून वेगळा चालतो. पोलीस लायसन्स जप्त करून आरटीओकडे पाठवतात. सर्वोच्च न्यायालयाच्या रस्ता सुरक्षा समितीने २०१५ मध्ये राज्यांना सांगितल्यापासून दारू आणि अतिवेगासाठी किमान ३ महिने निलंबनाची पद्धत आहे. पण आरटीओने आधी तुमचं म्हणणं ऐकून घ्यायचं असतं. नोटीस आली तर लेखी उत्तर द्या, गप्प बसू नका. आदेश झाल्यावर ३० दिवसांत अपील करता येतं. निलंबनाच्या काळात गाडी चालवली तर कलम १८२ खाली ३ महिन्यांपर्यंत कैद, किंवा १०,००० दंड, किंवा दोन्ही. काळीपिवळी किंवा ट्रॅव्हल्स चालवून घर चालवणाऱ्याला दंडापेक्षा हे तीन महिने जड जातात.

अपघात झाला तर

पहिल्यांदा जखमी, मग बाकी. १०८ ला रुग्णवाहिका, ११२ ला पोलीस, राष्ट्रीय महामार्गावर १०३३. मदत करणाऱ्याला साक्षीदार होण्याची सक्ती नाही आणि त्याच्यावर जबाबदारी येत नाही. कलम १३४अ त्यासाठीच आहे.

निष्काळजीपणे गाडी चालवून जीव गेला तर भारतीय न्याय संहितेचं कलम १०६, ५ वर्षांपर्यंत कैद. चालक प्यायलेला निघाला तर पोलीस कलम १०५, म्हणजे सदोष मनुष्यवध लावू शकतात, आणि जीव जाऊ शकतो याची जाणीव होती एवढं धरलं तरी १० वर्षांपर्यंतची शिक्षा आहे.

रक्ताचा नमुना नागपूर किंवा अमरावतीच्या न्यायसहायक प्रयोगशाळेत जातो. अहवाल यायला वेळ लागतो, पण येतो. तो आल्यावर घराला कळतं की स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा विमा नाकारला गेला. समोरच्याला विमा कंपनीने भरपाई दिली तरी ती मालकाकडून वसूल करण्याचे आदेश न्यायालयांनी दिलेले आहेत. एकराच्या भावात मोजावी लागेल अशी ती रक्कम असते.

आणखी एक, याबद्दल गावात फार कमी बोललं जातं. गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेत शेतकऱ्याचा किंवा त्याच्या घरातल्या व्यक्तीचा अपघाती मृत्यू झाला तर कुटुंबाला २ लाख रुपये मिळतात. पण अमली पदार्थांच्या अमलाखाली झालेला अपघात या योजनेतून वगळलेला आहे. स्वतः गाडी चालवत असताना अपघात झाला असेल तर वैध लायसन्स मागतात. म्हणजे लायसन्स नसलेला, पिऊन मोटरसायकलवर गेलेला बाप मागे काहीच ठेवून जात नाही, सरकारचे दोन लाखही नाहीत. कृषी खात्याकडे अर्ज नेल्यावर हे कळण्यापेक्षा आज घरातल्या प्रत्येकाचं लायसन्स काढणं स्वस्त पडतं.

चावी देणाराही अडकतो

भाऊजी प्यायलेले आहेत हे दिसत असताना त्यांच्या हातात चावी दिली तर कलम १८८ प्रमाणे चिथावणी देणाऱ्यालाही तीच शिक्षा होऊ शकते. लायसन्स नसलेल्याला गाडी दिली तर मालकाला ५,००० दंड किंवा ३ महिन्यांपर्यंत कैद. आणि १६ वर्षांच्या पोराला शाळेत जायला मोटरसायकल दिली आणि त्याने काही केलं तर कलम १९९अ: पालकाला किंवा मालकाला ३ वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० दंड, गाडीची नोंदणी १२ महिन्यांसाठी रद्द, पोराला पंचविशीपर्यंत लायसन्स नाही. सोळाव्या वर्षी फक्त ५० सीसीपर्यंतची गाडी चालवता येते आणि तशी गाडी आता गावात कोणाकडे दिसत नाही.

लग्नसराईत, मंडईच्या जत्रेत, झाडीपट्टीचं नाटक पहाटे सुटल्यावर खरा प्रश्न असतो तो परत कसं यायचं. जाण्याआधी ठरवा की गाडीतला कोण पिणार नाही, आणि चावी सुरुवातीलाच त्याच्या खिशात. तो घरातला सगळ्यात लहान नसावा, कारण रात्री दोन वाजता काकाला “नाही देत चावी” म्हणायची हिंमत लहानाची होत नाही. काकूची होते. ते जमत नसेल तर वरपक्षाला आधीच सांगा की मंडपातच गाद्या टाका. कोणी वाईट मानत नाही.

गावाच्या वेशीवर फलक हवा असेल

शाळेसमोरून गाड्या सुसाट जातात म्हणून गावकरी रातोरात मुरूम-सिमेंटचा उंचवटा घालतात. चार दिवसांत त्यावरच कोणीतरी मोटरसायकलवरून पडतो, मागे बसलेली बाई बहुधा. असा उंचवटा बेकायदेशीर आहे. त्याऐवजी ग्रामसभेत ठराव घ्या: कुठून कुठपर्यंत, काय धोका, किती वेगाचा फलक, गतिरोधक आणि पांढरे पट्टे हवेत. झालेल्या अपघातांच्या नोंदींच्या प्रती पोलीस ठाण्यातून घेऊन जोडा, जागेचे फोटो जोडा. रस्ता राष्ट्रीय महामार्ग असेल तर तो सांभाळणाऱ्या कार्यालयाकडे, राज्य मार्ग किंवा प्रमुख जिल्हा मार्ग असेल तर सार्वजनिक बांधकाम विभागाच्या उपविभागीय अभियंत्याकडे, इतर जिल्हा मार्ग किंवा ग्रामीण मार्ग असेल तर जिल्हा परिषदेच्या बांधकाम विभागाकडे अर्ज द्या. प्रत जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या जिल्हा रस्ता सुरक्षा समितीला आणि आरटीओला. पोच घ्यायला विसरू नका, आणि पुढच्या ग्रामसभेत तोच विषय पुन्हा कार्यक्रमपत्रिकेवर ठेवा. पहिल्या अर्जावर फलक लागल्याचं उदाहरण विरळाच.